ओहमच्या आकड्याला भुलू नका

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलायचं मनात आलं की माणूस हमखास एका आकड्याच्या मागे लागतो. डीसी रेझिस्टन्स, म्हणजे मल्टिमीटर लावल्यावर दिसणारे किलोओहम. सहाचा पिकअप मवाळ, आठचा मध्यम, सोळाचा दणकट, असा हिशोब मांडायचा आणि त्यावर चांगले दणदणीत पैसे मोजायचे. आकडा खोटा नसतो, पण त्यातून कळतं ते एवढंच की कॉइलच्या तारेत वीज किती अडते. आवाज किती निघेल आणि कसा निघेल हे चुंबकाची ताकद, तारेचे फेरे, कॉइलची ठेवण आणि पिकअपच्या पुढे जोडलेलं सगळं सामान मिळून ठरवतं. म्हणून माझं सांगणं असं, की आकडा बघायचाच तर सगळ्यात शेवटी बघा.

तारेचंच घ्या. जुन्या धाटणीचे बहुतेक पिकअप ४२ गेजच्या तारेने गुंडाळलेले असतात. तेवढेच फेरे ४४ गेजच्या, म्हणजे आणखी बारीक तारेने दिले तर रेझिस्टन्स दीडपटीच्या वर जातो, आणि जोर मात्र तेवढाच राहतो. सीमोर डंकनचा जेबी मीटरवर सोळा किलोओहमच्या आसपास दिसतो. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन चौदाच्या आतच थांबतो. हा १९७२ सालचा पिकअप; कारखान्याचा काढून दुसरा बसवायची चाल पडली ती त्याच्यापासून. दणक्यात तो जेबीला मुळीच हार जात नाही, कारण त्यात सिरॅमिक चुंबक आहे आणि जेबीत ॲल्निको ५. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर हलतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना साडेसात दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना सव्वाआठच्या पुढे दाखवेल. तेवढ्याने तो ‘हॉट’ झाला असं कोणी म्हणणार नाही.

यावर विचारतात, मग कंपन्या हा आकडा छापतात कशाला? एकाच घडणीचे, एकाच तारेचे आणि एकाच चुंबकाचे दोन पिकअप शेजारी ठेवले तर तो खरंच उपयोगी पडतो. जास्त ओहम म्हणजे जास्त फेरे, म्हणजे जोर थोडा जास्त आणि ट्रेबल थोडा कमी. तुलना त्या घराबाहेर नेली की फसगत. दुसरा आक्षेप नामवंतांचा: अमुक गिटारवादक तमुक पिकअप वापरतो, म्हणजे काहीतरी असेलच ना! असेल. पण गिब्सनचे १९५७ पासूनचे, तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा कागद चिकटवलेले हमबकर (दोन कॉइलचे पिकअप), ज्यांच्या नकला आजही विकल्या जातात, तेच मुळात एकसारखे नव्हते. कोणी सातच्या घरात तर कोणी नवाच्या. त्यातला नेमका कोणता हवा, हे नाव सांगून कसं कळणार?

आता पुढच्या सामानाकडे या, कारण खरी चूक इथे होते. सिंगल कॉइलला साधारण २५० के आणि हमबकरला ५०० के असे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे पोटेंशिओमीटर, लावतात. २५० के पॉट असलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटमध्ये हमबकर बसवला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं, आणि बोल मात्र पिकअपला लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट अगदी किरकोळ किमतीत मिळतो. पिकअपच्या किमतीशी त्याची तुलनाच नको. लांबलचक केबलही तिच्या कपॅसिटन्समुळे ट्रेबल खाते. आणि पिकअपची उंची! शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि तिच्याखालचा पिकअपचा खुंट, म्हणजे पोल, यांतलं अंतर बघा, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ऐका. स्ट्रॅटमध्ये पिकअप फार वर आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. नवा पिकअप घेऊन हे सुटत नाही, स्क्रूड्रायव्हरने सुटतं. हे सगळं करून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, या मताला मी चिकटून आहे.

तरी बदल करायची वेळ येतेच, आणि ती ओळखायची खूण घरघर. गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. तोंड फिरेल तशी घरघर कमी-जास्त झाली, तर कॉइल ५० हर्ट्झच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. तिथे हमबकर किंवा घरघर न करणारा दुमजली सिंगल कॉइलच कामाचा. पण तारांना हात लावल्यावर ती घटत असेल तर आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल लावून अर्थिंगला जोडा, बरंच काम भागेल. घ्यायचंच ठरलं तर पोलमधलं अंतर मोजा: गिब्सन धाटणीत पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत सुमारे ५० मिलिमीटर, फेंडर धाटणीच्या ब्रिजला ५२-५३. आणि दोन कंपन्यांचे हमबकर एकत्र बसवताना तारांच्या रंगांवर विसंबू नका. डंकनमध्ये काळी तार सिग्नलची असते, डिमार्झिओमध्ये तांबडी, आणि काळी पांढरीला जोडलेली असते. तिथे गफलत झाली की दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि नाकात येतो. तसा आला तर पिकअप परत पाठवण्याआधी एका पिकअपच्या दोन टोकांची अदलाबदल करून बघा. फक्त उघडी शील्डची तार अर्थिंगलाच राहू द्या.