आता पुढे काय, म्हणतेस?

पदवीचा निकाल लागून काही महिने झाले की घरचा फोन उचलायचीच धास्ती वाटायला लागते, हो ना गं? आई बिचारी ‘जेवलीस का’ एवढंच विचारते, पण तुला त्यामागचा न विचारलेला प्रश्नच मोठ्याने ऐकू येतो. त्यात तू घरापासून इतकी लांब, चेन्नईत, वेलचेरीतल्या पीजीच्या खोलीत. शेजारच्या कॉटवरची मुलगी सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून ओएमआर रस्त्यावरच्या ऑफिसच्या बसला पळते आणि तू लॅपटॉप उघडून मेल आलाय का ते बघत बसतेस. ऑफर लेटर हातात असलं तर जॉइनिंगची तारीख लांबते. नसलं तर मग विचारूच नकोस. या भागात राहताना तुझ्यासारख्या मुली मी दरवर्षी बघते, म्हणून म्हटलं आज जरा निवांत बोलू.

खरं सांगू का, तुझं काहीही बिघडलेलं नाही. बालवाडीपासून आजपर्यंत तुझं पुढचं वर्ष कुणीतरी आखून देत होतं. जूनमध्ये वर्ग, दिवाळीआधी परीक्षा, उन्हाळ्यात निकाल. वेळापत्रकाशिवाय आलेलं हे तुझं पहिलंच वर्ष. तो रिकामपणा अंगावर आला की मन लगेच म्हणतं, ‘माझं काही होणार नाही.’ त्याचं ऐकू नकोस. वेळापत्रक संपलंय, एवढंच झालंय. नवं आपण करू.

आणि आशावादी राहायचं म्हणजे दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने फिरायचं, असं कुणी सांगितलं तर तेही मनावर घेऊ नकोस. आपल्या वेलचेरीकरांकडेच बघ. हा सगळा सखल भाग, शेजारी पळ्ळिकरणैची पाणथळ जागा. डिसेंबर 2015 च्या पुरात इथे पाणी भरलं, डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा भरलं. मग ऑक्टोबर 2024 मध्ये मुसळधार पावसाचा इशारा आला, तेव्हा लोकांनी काय केलं? आपापल्या गाड्या वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेल्या आणि कडेने ओळीत लावून ठेवल्या. कुणी गाव सोडलं नाही, आणि यंदा पाणी येणारच नाही अशी स्वतःची समजूतही घातली नाही. मला आशा म्हणतात ती हीच वाटते. जे येऊ शकतं ते ओळखायचं, हातात असेल तेवढं आजच करायचं आणि उद्याचा दिवस आपला आहे असं धरून चालायचं.

मग तुझ्या हातात काय आहे? आधी कागदपत्रं. मार्कशीट, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, आधार, सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाल आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, हे विसरू नकोस, आणि खोली बदलायची झाली तर तळमजल्याची घेऊ नकोस. विद्यापीठाने पदवी डिजिलॉकरवर दिली असेल तर तीही उतरवून घे. आता दोन गोष्टी मी अगदी दटावून सांगणार आहे. मूळ प्रमाणपत्रं ‘आमच्याकडे जमा करा’ असं कोणी म्हणालं तर करायची नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची. आणि नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले, मग त्याला ट्रेनिंग फी म्हणोत की सिक्युरिटी डिपॉझिट, तर तिथून उठायचं. गरजेच्या वेळी माणूस पटकन भुलतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

मग दिवस बांध. सकाळी लवकर अंघोळ करून केस विंचरून बस, कुठे जायचं नसलं तरी. सकाळचे दोनच तास अर्जांचे. त्यानंतर नोकऱ्यांच्या साइट बंद. दिवसभर तेच चाळत बसलं की कामही होत नाही आणि जीवही विटतो. दुपार शिकण्याची. अगं, आयआयटी मद्रास तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम तिथूनच चालवले जातात. ते घरबसल्या फुकट शिकता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. एकच अभ्यासक्रम घे, पण पुरा कर. अर्धवट सोडलेले पाच तुला फक्त अपराधी वाटायला लावतील.

आणखी एक वाट बऱ्याच मुलींना ठाऊकच नसते. नुकतीच पदवी किंवा पदविका घेतलेल्यांसाठी सरकारची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना आहे, नॅट्स म्हणतात तिला. तिच्या पोर्टलवर नाव नोंदवून कंपनीत किंवा सरकारी उपक्रमात शिकाऊ म्हणून काम करता येतं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. दक्षिणेसाठीचं त्यांचं मंडळ तर आपल्या तारामणीतच आहे. वेलचेरीहून एमआरटीएसची गाडी पकडलीस की पेरुंगुडीनंतरचं स्टेशन. विद्यावेतन पगाराएवढं नसेल, पण सकाळी उठून जायला जागा मिळते, शिकवणारी माणसं भेटतात आणि बायोडेटावर अनुभवाची पहिली ओळ येते. ती ओळ फार कामाची असते बघ.

पैशाची काळजी आहे ना? ती कागदावर उतरव. भाडं, मेस, रिचार्ज, पाण्याचा कॅन, प्रवास असं सगळं लिही आणि हातातली रक्कम किती महिने पुरेल ते काढ. मनातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असतो. महिनाअखेर ओढाताण झाली तर अम्मा उणवगममध्ये जा. 2013 पासून ही सरकारी खानावळ शहरात आहे, सुरू झाली तेव्हापासून रुपयाला इडली मिळते. तिथे रांगेत उभं राहायला लाजायचं काहीच कारण नाही. आणि घरी खरं सांग. ‘अजून काही नाही, पण हे हे करतेय आणि अमुक महिन्यापर्यंत बघणार आहे,’ असं बाबांना सरळ सांगितलंस की त्यांचाही जीव खाली पडतो. काहीच न सांगितल्यावर ते जे मनात आणतात ते जास्त वाईट असतं गं.

मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणाचं पॅकेज, कुणाचा व्हिसा, कुणाचा साखरपुडा रोज येत राहणार. अभिनंदन कर आणि फोन उलटा ठेव. पहिली नोकरी म्हणजे आयुष्याचा निकाल असता, तर याच शहरात शिकलेल्या दोन मराठी माणसांचं काय झालं असतं सांग. तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव 1846 साली मद्रासच्या हायस्कुलातून, जे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालं, पहिल्या वर्गात बाहेर पडले. त्यांनी थोडे दिवस शिकवलं, मग हिशेबतपासणीच्या सरकारी कचेरीत नोकरी केली. 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि तिशीच्या आसपास त्याच संस्थानाचे दिवाण. पुढे सयाजीराव गायकवाड लहान होते तेव्हा बडोद्याचा कारभार त्यांनीच सांभाळला. आणि दुसरा तो शिवाजीराव गायकवाड, बंगळूरचा बस कंडक्टर. 1973 मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याला तमिळही नीट येत नव्हतं. ते शीक, असं दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला सांगितलं, आणि 1975 मध्ये त्यांच्याच ‘अपूर्व रागंगळ’मधून तो रजनीकांत म्हणून पडद्यावर आला. तू दिवाण हो नाहीतर सुपरस्टार हो, असं माझं म्हणणं नाही. कचेरीत आकडे मांडताना किंवा बसमध्ये तिकिटं फाडताना त्यांनाही पुढचं दिसत नव्हतं, एवढंच लक्षात ठेव.

आणि हो, तूही तमिळ शीक. भाजीवालीशी, रिक्षावाल्या अण्णाशी, पीजीतल्या अक्काशी रोज दोन वाक्यं बोल. चुकलीस तर ते हसतील आणि प्रेमाने दुरुस्त करतील. जिथली भाषा थोडी तरी येते तिथे माणूस पाहुण्यासारखा राहत नाही, आणि परकं वाटणं कमी झालं की अर्धी निराशा आपोआप उतरते.

शेवटचं, आणि हे गंभीरपणे ऐक. दिवसचे दिवस झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर ‘होईल नीट’ म्हणून अंगावर काढू नकोस. मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातेस, तसंच हे.

तुला खूप जड जातंय हे मला दिसतंय. पण चार वर्षं घरापासून लांब राहून, मेसचं खाऊन, परीक्षा काढून तू इथवर आली आहेस. हे वर्षही तुला झेपणार आहे. आता ऊठ, तोंड धू, उद्या सकाळी करायचं एक काम वहीत लिही आणि आईला फोन लाव.