‘दिसणारच’ म्हणणाऱ्या बोटीत बसू नकोस

भालकी, जि. बीदर

चि. बाळूस,


डिसेंबरच्या सुट्टीत आक्काला आणि मुलांना घेऊन मालवणला जायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. आक्कानं अजून समुद्र पाहिलेला नाही. आपल्या भालकी-बसवकल्याण-आळंद पट्ट्यात तिच्या वयाच्या कितीतरी बायकांनी पाहिलेला नाही. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर झालं की त्यांचा प्रवास पुरा होतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या मालवण शाखेत गेली. होड्यांची, इंजिनांची कर्जं माझ्या टेबलावरून जायची, त्यामुळे त्या धंद्यातली माणसं आणि त्यांच्या अडचणी मला जवळून माहीत आहेत.

मुलं फोनवर ‘व्हेल दिसेल ना?’ असं विचारत होती. त्यांना आत्ताच खरं सांगून टाक. कोकणच्या समुद्रात देवमासा आहे. 2015 मध्ये कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना कुणकेश्वरच्या समुद्रात जिवंत निळा देवमासा दिसला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला आणि तिथंच मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेल्या देवमाशाच्या पिल्लाला गावकऱ्यांनी आणि वनखात्यानं जिवाचं रान करून पाण्यात लोटलं, तरी ते जगलं नाही. पण तिकीट काढून देवमासा बघावा, अशी ही जागा नव्हे. ते बघायचं तर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा आहे. तिथं खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं, म्हणून डिसेंबर ते एप्रिलमध्ये निळे देवमासे बोटीच्या टप्प्यात असतात. पण तिथं पहाटे निघून चार-चार तास उघड्या समुद्रात काढावे लागतात. आक्काला ते झेपणार नाही. मुलं मोठी झाली की त्यांना जरूर ने.

मालवण, तारकर्ली, देवबागला तुम्हाला दिसेल तो डॉल्फिन. तोही देवमाशाच्याच कुळातला, फुप्फुसानं श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा. तिथला नेहमीचा डॉल्फिन राखाडी रंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला, अडीच मीटरच्या आसपास लांबीचा. सिनेमातल्यासारख्या उड्या तो क्वचितच मारतो. पाठ वर येते, श्वासाचा फुस्स आवाज होतो आणि तो पुन्हा खाली जातो. मुलांना आधी हे सांगितलंस तर ती निराश होणार नाहीत, उलट त्या आवाजाकडे कान लावून बसतील. हा प्राणी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतो, म्हणून तो आपल्याला सहज दिसतो आणि म्हणूनच संकटातही आहे. जाळी, बंदरं, सांडपाणी आणि बोटी, सगळं त्याच पाण्यात. संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत 2017 पासून तो धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. मादीला तीन-एक वर्षांनी एक पिल्लू होतं. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत आहे.

आता बोट कशी निवडायची ते. हॉटेलच्या काउंटरवरून, एजंटाकडून बुकिंग करू नकोस. आदल्या संध्याकाळी जेटीवर जा आणि तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, स्वतः बोल. एकच विचार: ‘डॉल्फिन दिसतील का?’ जो म्हणेल ‘दिसणारच, नाहीतर पैसे परत’, त्याला नमस्कार करून पुढं हो. त्याला पैसे परत करायचे नसतात, म्हणून तो सकाळी कळपाच्या मागं लागतो. दुसऱ्या बोटी दिसल्या की हाही तिकडं वळतो, आणि बघता बघता चार-पाच बोटींचं रिंगण होतं. डॉल्फिन मासे शोधतो तो आवाजाच्या पडसादावरून. इंजिनांच्या गोंगाटात ते पडसाद त्याला ऐकू येत नाहीत. मग तो शिकार सोडतो, जास्त वेळ खाली राहतो, दिशा बदलतो, आणि पिल्लू बरोबर असलेल्या मादीची सर्वांत जास्त ओढाताण होते. जो तांडेल म्हणेल ‘सकाळी वारा नसला तर बहुतेक दिसतात, नाही दिसले तर नाही’, तो खरा दर्यावर्दी. दोन पैसे जास्त घेतले तरी त्याच्याच बोटीत बस.

जिवाच्या बाबतीत भिडेला पडू नकोस. आपली माणसं पाण्याला भीत नाहीत. बीदरच्या झरणी नरसिंहाच्या गुहेत छातीएवढ्या पाण्यातून पोरं खांद्यावर घेऊन दर्शनाला जातो आपण. पण तिथं पायाखाली तळ असतो, समुद्रात नसतो. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, डझनाहून अधिक माणसं गेली, आणि बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. बोटीवर मेरीटाईम बोर्डाचा नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेलं असायला हवं. ते वाच, डोकी मोज. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते आदल्या दिवशीच बघ, कारण मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर निसटतं. जॅकेट मांडीवर ठेवायचं नाही, बक्कल लावून घालायचं, तेही बोट सुटायच्या आधी.

सकाळी लवकरची फेरी घे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी खवळतं, आणि मग पाठ कुठली नि लाट कुठली ते ओळखता येत नाही. आदल्या रात्री मालवणी जेवणावर ताव मारू नका. सकाळी रिकाम्या पोटीही निघू नका, इडली किंवा चहा-बिस्किट पुरे. ज्याला घाटात मळमळतं त्याला बोटीत मळमळणारच. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी द्यायची, बोट हलायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. आक्काला पुढच्या टोकाला बसवू नकोस, आदळआपट तिथंच जास्त असते. मध्यावर किंवा जरा मागं बसव आणि नजर किनाऱ्याच्या रेषेवर ठेवायला सांग. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून बोटीत चढावं लागतं. तिच्या गुडघ्यांचं दुखणं तांडेलाला आधीच सांगून ठेव, जेटी असलेल्या जागेवरूनच बस. नायलॉनची पाचवारी पायात अडकते. तिची ती कासोट्याची सुती नऊवारी उत्तम. ब्लड प्रेशरची गोळी सकाळी चुकवू नकोस. टोपीला नाडी हवी, पाण्याच्या बाटल्या परत आणायच्या.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून मागून घेतो. चांगला तांडेलही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून इंजिन चालवतो. बोटीतली माणसं ‘अजून जवळ, अजून जवळ’ ओरडली की त्याचा नाइलाज होतो. कर्जाचे हप्ते त्याला भरायचे असतात. म्हणून डॉल्फिन दिसल्याबरोबर तूच आधी बोल: ‘काका, इंजिन बारीक करा, इथूनच बघू.’ बोट कळपाच्या पुढ्यात नको, पाठीमागं नको. बाजूनं, अंतर राखून, हळू. मुलांनी ओरडायचं नाही, पाण्यात काही टाकायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली की वळायला सांग. बाकीचे प्रवासी कुरकुरतील, कुरकुरू देत. पैसे तूही दिलेले आहेत, आणि तुझ्या शब्दालाही तिथं तेवढंच वजन आहे. तेवढं बोलायला लाजू नकोस.

तुझा,
मामा