वीज परत येते, पत्ता येत नाही

लिनक्स म्हटलं की लोकांना पुणं नाहीतर बेंगळुरू आठवतं. हिंगोलीत ती केव्हाच येऊन बसली आहे. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांचं संगणकीकरण उबंटू या लिनक्सवर झालं, त्यात आपलं न्यायालयही आलं. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव सांभाळणारं ‘कोहा’ उबंटू किंवा डेबियनवर चालतं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये. अमेरिकेतल्या लायगोची यंत्रणा लिनक्सवरच चालते.

माझं काम याच्या कितीतरी खालच्या पायरीवरचं. ग्रंथालयं, पतसंस्था, क्लासेस, मोंढ्यातली अडत दुकानं. तिथे एखादा जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असतो, त्यावर उबंटू असते आणि ती टाकणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. सगळं सुरळीत चालतं. मग रोहिण्या बरसतात, वारं सुटतं, तारा तुटतात, वीज जाते. यूपीएस अर्धा तास तग धरतो आणि मान टाकतो. वीज येते तेव्हा संगणक सुरू होतो, पण फोन येतो, “सर, कोहा उघडंना झालंय.”

एका तालुक्याच्या ग्रंथालयातला प्रकार सांगतो, कारण पुढे तोच ठिकठिकाणी पाहिला. वाचन कक्षातल्या सगळ्या संगणकांवर १९२.१६८.१.१० हा पत्ता साठवलेला होता. सर्व्हर चालू, कोहा चालू, पण त्या पत्त्यावर कुणीच नाही. ज्याने यंत्रणा बसवली त्याने पत्ता ‘आयपी’ या आज्ञेने दिला होता. आज्ञा चुकीची नव्हती. पण तिने दिलेला पत्ता चालू यंत्राच्या स्मरणात राहतो, फाईलमध्ये उतरत नाही. यंत्र बंद झालं की तो गेला. पुन्हा सुरू होताना सर्व्हरने इंटरनेटच्या डब्याकडे, म्हणजे डीएचसीपीकडे हात पसरला आणि त्याने जो पत्ता टाकला तो घेऊन बसला. मधल्या काळात यंत्र एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून हे उघडकीला आलं नाही. वर्षभर बिनतक्रार चाललेल्या सेटिंगवर मी विश्वास ठेवत नाही, तो याचसाठी. वीज जाऊन आल्यावर टिकतं, ते सेटिंग.

टिकाऊ पत्ता फाईलमध्ये लिहावा लागतो, आणि कुठल्या फाईलमध्ये यावर निम्मा गोंधळ होतो. डेबियनमध्ये अजूनही ‘इंटरफेसेस’ नावाची जुनी फाईल चालते. उबंटूने २०१७च्या ऑक्टोबरपासून नेटप्लॅन आणलं, आणि एप्रिल २०१८च्या १८.०४ आवृत्तीबरोबर ते सगळीकडे पोहोचलं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ मात्र अजून जुनीच फाईल दाखवतात. पोरं व्हिडिओ बघून ती फाईल इमानदारीने भरतात, उबंटू तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आधी आपली आवृत्ती कोणती ते बघा, मग व्हिडिओ लावा.

नेटप्लॅनची फाईल यॅमल पद्धतीची असते. तिच्यात ओळी आत सरकवायच्या त्या स्पेस देऊन, टॅब चालत नाही. हे बहुतेकांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळतं. लवकर न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. नेटप्लॅन आपल्या फोल्डरमधली यॅमल शेपटीची प्रत्येक फाईल वाचतं आणि सगळ्यांचा मजकूर एकत्र करतं. आपल्याकडे सावध माणूस बदल करण्याआधी जुन्या फाईलची प्रत काढतो, ती त्याच फोल्डरमध्ये ठेवतो आणि शेपटीही तशीच राहू देतो. परिणामी जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते एकाच कार्डाला लागतात. सावधगिरीनेच घात होतो. प्रत ठेवायची तर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि फाईलच्या माथ्यावर ‘क्लाउड-इनिट’चं नाव असेल, तर ती फाईल यंत्रणा स्वतः पुन्हा लिहू शकते हे गृहीत धरा. तिथली सूचना वाचून क्लाउड-इनिटची नेटवर्कमधली ढवळाढवळ आधी बंद करा.

त्याच ग्रंथालयात पुढच्या पावसाळ्यात विजेच्या कडकडाटाने लॅनचा पोर्ट जळाला. आपल्याकडे ही नवलाची गोष्ट नाही. दोन इमारतींमधून उघड्यावर ओढलेली केबल असली की झटका तिच्यातून आत येतो. बाजारातून नवं कार्ड आणून खोचलं, दिवा लागला, तरी पत्ता लागेना. कारण कार्डाचं नाव बदललं होतं. पूर्वी पहिलं कार्ड म्हणजे ‘ईटीएच०’ असा सरळ हिशेब होता. २०१३पासून नवी पद्धत रूढ होत गेली, तिच्यात मदरबोर्डवरच्या जागेवरून नाव पडतं, जसं ‘ईएनपी२एस०’. कार्डाची जागा बदलली की नाव बदलतं, आणि कधी कधी नवं कार्ड बसवल्याने जुन्याचंही बदलतं. फाईलमध्ये जुनंच नाव असल्यामुळे उबंटू त्या हरवलेल्या कार्डाची वाट बघत सुरू होताना दोनेक मिनिटं अडून बसली. लोकांना वाटलं, हार्ड डिस्क गेली.

यावर उपाय आहे. नेटप्लॅनमध्ये पूर्ण नावाऐवजी ‘ईएन’ने सुरू होणारं कोणतंही कार्ड असं लिहिता येतं. पण जळका पोर्ट अर्धमेल्या अवस्थेत दिसत असेल, तर दोघांना एकच पत्ता लागेल, म्हणून तो बायोसमध्ये जाऊन बंद करून टाका.

आता पत्ता कोणता द्यायचा. इंटरनेटचा डबा ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो, त्याच्या बाहेरचा. डबा १०० ते २०० वाटत असेल तर सर्व्हरला १० द्या. काहीजण डब्यातच त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवतात. पुस्तकात ते छान दिसतं. पण केबलवाला येतो, “हा खराब झालाय” म्हणून डबा बदलून जातो आणि राखीव पत्ता जुन्या डब्याबरोबर जातो. कधी नव्या डब्याची पत्त्यांची मालिकाच निराळी निघते. म्हणून केबलवाल्याच्या डब्यामागे स्वतःचा एक राऊटर लावा आणि सगळे संगणक त्यावर घ्या. मग पुढे डबा कितीही वेळा बदलो. हजार-दोन हजारांचा खर्च आहे, पण संस्थाचालकांना तो पटवताना घाम फुटतो.

दुसऱ्या राऊटरचा उपद्रवही तेवढाच. एका पतसंस्थेत दुपारनंतर निम्मे संगणक बंद पडायचे. कुणीतरी घरचा जुना वाय-फाय राऊटर आणून मोबाईलसाठी जोडला होता. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि मुख्य डब्याचाही तोच, वर दोघेही पत्ते वाटत होते. एका गावाला दोन पोलीस पाटील! हे ओळखायचं तर ‘आयपी एन’ ही आज्ञा द्या. शेजारच्या यंत्रांची यादी येते. गेटवेसमोरचा मॅक पत्ता सकाळी एक आणि दुपारी दुसरा दिसला, तर दुसरा डबा शोधायला उठा. असा राऊटर ठेवायचाच असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात घाला, वॅनच्या नाही.

तपासताना खालून वर जावं. आधी केबलचा दिवा. मग ‘आयपी एल’ (पोरं हसतात, हसू द्या), त्यात ‘नो-कॅरियर’ दिसलं तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, केबल बदला. मग ‘आयपी ए’ने पत्ता, ‘आयपी आर’ने गेटवेचा रस्ता. मग गेटवेला पिंग. आकड्याचा पत्ता लागतो पण साइटचं नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा. हा क्रम सोडून जो तो थेट उबंटू नव्याने टाकायला निघतो आणि त्यात ग्रंथालयाच्या नोंदी जातात.

लांबून, म्हणजे हिंगोलीत बसून वसमतच्या सर्व्हरचा पत्ता बदलायचा असेल, तर ‘नेटप्लॅन अप्लाय’ देऊ नका. ‘नेटप्लॅन ट्राय’ द्या. नवं सेटिंग लावून ती १२० सेकंद थांबते, तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनं परत आणते. पत्ताच बदलला तर चालू जोडणी तुटते, तेव्हा शक्य असेल तर जुना पत्ता तात्पुरता सोबत ठेवूनच बदल करा. आणि हे न चुकता करा: सर्व्हरच्या पाठीवर कागद चिकटवा. पत्ता, गेटवे, फाईलचं नाव, बदल केला त्याची तारीख. पासवर्ड त्यावर नको.

ग्रंथपाल आणि पतसंस्थेच्या मॅनेजरांना एवढी विनंती आहे. मृग लागायच्या आधी एखाद्या निवांत दुपारी सर्व्हर रीतसर बंद करा, डबा, राऊटर, स्विच सगळ्यांची वीज काढा, दहा मिनिटांनी चालू करा आणि सगळे संगणक जोडले जातात का ते बघा. नाही जोडले तर त्याच दिवशी माणूस बोलवा. परीक्षेच्या किंवा मार्चअखेरच्या आठवड्यात आम्हीही मिळत नाही.