खांद्याचं ऑपरेशन आणि तोंडावर आलेली निवड चाचणी

मुलाच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं की बोरिवली काय, मुलुंड काय, घरातला पहिला प्रश्न एकच असतो: निवड चाचणीपर्यंत बरा होईल ना? चाचणी दोन-तीन महिन्यांवर असेल, तर स्पष्ट सांगते, नाही होणार.

खांद्याच्या खोबणीची फाटलेली कड शिवली की साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. मग फिजिओथेरपी: आधी हात मोकळा करायचा, नंतर ताकद. डॉक्टरांनी परवानगी दिली तर चौथ्या-पाचव्या महिन्याच्या पुढे पहिली फेक, तीही जवळून, हलक्या हाताने आणि एक दिवसाआड. किती मीटरवरून किती फेकी केल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं का, हे वहीत लिहायचं. दुखलं तर अंतर वाढवायचं नाही. पूर्ण जोराने सामन्यात उतरायला बहुतेकदा नऊ ते बारा महिने जातात. खरा धोका तिसऱ्या महिन्यात असतो. दुखणं थांबलेलं असतं, हात वर जातो आणि बाबा हौसेने नेट्सवर घेऊन जातात. शिवलेला भाग तेव्हा जोराची फेक सोसण्याइतका तयार नसतो.

थांबणं मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. भालाफेकपटू नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे 2019 मध्ये आपल्या अंधेरीतच, कोकिलाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारदीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर फेक करून तो टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. पुढे तिथे सुवर्णपदक मिळालं. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये त्याने नाबाद 141 धावा केल्या. पण तो हिशेब फलंदाजाचा. बॅट आधी हातात येते, जोराची फेक सगळ्यात शेवटी; गोलंदाज मुलाला सहा महिन्यांची घाई करू नका.

झोळीतल्या दिवसांतही पाय-कमरेचे व्यायाम फिजिओला विचारून सुरू ठेवता येतात, कारण फेकीचा जोर तिथूनच येतो. अभ्यासही सुटू देऊ नका. आधी मिळवलेली प्रमाणपत्रं जपून ठेवा; महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. फिजिओथेरपीची ओढ वाटली तर अकरावीला जीवशास्त्र हवं. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम आहे. मात्र ऑपरेशनच्या आठवड्यात या दुसऱ्या वाटांचा विषय मुलासमोर काढू नका. तेव्हा त्याला आपला खेळ संपला, एवढंच ऐकू येतं.

डिस्चार्जच्या दिवशी सर्जनना विचारा: नेमकं काय शिवलं, पहिली फेक कधी आणि परवानगी कोण देणार? उत्तरं लिहून घ्या, प्रशिक्षकांना दाखवा आणि यंदाची चाचणी सोडून द्या.