स्टार्टचे बटण कोठे गेले?

विंडोजवर चालणारा संगणक बंद करायचा झाला तर तुम्ही आधी काय दाबता? पडद्याच्या खालच्या पट्टीवरचे ‘स्टार्ट’चे बटण. स्टार्ट म्हणजे सुरू करणे. मग बंद करण्यासाठी ‘सुरू करा’ का दाबायचे? संगणक वापरणाऱ्यांत हा विनोद जुना आहे. पण या विसंगतीच्या मुळाशी माणसांचे केलेले निरीक्षण आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

१९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये पडद्यावर एकावर एक चौकटी उघडत. खालची चौकट वरच्या चौकटीने झाकली गेली की नवशिक्याला वाटे, आपले काम नाहीसेच झाले! पुढची आवृत्ती तयार करताना मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी माणसांना प्रयोगशाळेत बोलावले, साधी कामे सांगितली आणि ती कोठे अडतात ते पाहिले. पहिल्या आराखड्यात खालच्या पट्टीवर तीन बटणे होती : सिस्टिम, फाइंड आणि हेल्प. संगणक चालू झाल्यावर माणसे रिकाम्या पडद्याकडे नुसती बघत बसत. बटणे समोरच होती, पण सुरुवात कोणत्या बटणापासून करायची हे त्यांना कळत नव्हते. अखेर तिन्हींचे एक बटण झाले आणि त्यावर ‘स्टार्ट’ हा शब्द आला. अडचण बरीचशी सुटली. सगळ्याच गोष्टी त्या एका बटणामागे गेल्यामुळे संगणक बंद करण्याची सोयही तेथेच गेली. अशा चाचण्यांच्या ६४ फेऱ्या झाल्या व त्यांत ५६० जणांनी भाग घेतला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले.

सतरा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१२ रोजी, विंडोज ८ आले आणि हे बटण पडद्यावरून नाहीसे झाले.

असे का केले असावे? २०१० साली आयपॅड आला होता. बोटाने चालवायच्या पडद्यावर लहान चित्रे उपयोगाची नसतात. म्हणून मोठ्या रंगीत चौकोनांचा एक पूर्ण पडदाच योजण्यात आला. दुसरे कारण आकड्यांचे होते. ज्या वापरकर्त्यांनी संमती दिली होती त्यांच्या संगणकांतून वापराच्या नोंदी कंपनीकडे जात. त्यांवरून २०११ साली अभियंत्यांनी जाहीर केले, की व्हिस्टाच्या तुलनेने विंडोज ७ मध्ये स्टार्टच्या यादीचा वापर ११ टक्क्यांनी घटला आहे. लोक नेहमीची कामे खालच्या पट्टीवरच टाचून ठेवू लागले होते.

नवा पडदा उघडण्यासाठी माऊसचा बाण डाव्या खालच्या कोपऱ्यात न्यायचा, अशी योजना होती. ही कल्पना मुळीच खुळी नव्हती. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले, की लक्ष्य जितके जवळ आणि मोठे तितका हात तेथे लवकर पोहोचतो. पडद्याच्या कोपऱ्यात बाण आपोआप अडतो, पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे कोपरा दिसायला एक ठिपका असला, तरी नेम धरण्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. पण फिट्सचा नियम लागू होतो तो लक्ष्य कोठे आहे हे ठाऊक झाल्यावर! कोपऱ्यात काहीच दिसत नसेल तर तेथे जाणार कोण? संगणक बंद करायचा तर उजव्या कोपऱ्यात जाऊन लपलेली पट्टी बाहेर काढायची, त्यातून सेटिंग्ज, मग पॉवर. ज्यांना हे कोणी सांगितले नाही ते तेथेच अडकले.

तक्रारींचा पाऊस पडला. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी विंडोज ८.१ बरोबर बटण परत आले. मात्र ते दाबले की चौकोनांचाच पडदा उघडे. यादी खऱ्या अर्थाने परतली ती विंडोज १० मध्ये, २९ जुलै २०१५ रोजी.

मग तो ११ टक्क्यांचा आकडा खोटा होता काय? नव्हे. असे पाहा : तुमच्या घरातील छत्री डिसेंबर ते मे किती वेळा उघडली हे कोणी मोजले, तर ती टाकून द्यावी असाच निष्कर्ष निघेल. नेहमीची कामे पट्टीवर गेली. क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी यादी उरली. वापर कमी झाला, गरज नव्हे. शिवाय जे संमती देत नाहीत त्यांची नोंदच नव्हती. आणि बटण किती वेळा दाबले हे यंत्र मोजते. ते शोधताना नजर कोठे कोठे भटकली हे मोजत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. बदल झाला की लोक कुरकुरतातच. २००७ च्या ऑफिसमध्ये जुन्या याद्या जाऊन चित्रांची पट्टी आली, तेव्हाही ओरड झाली होती. ती पट्टी टिकली. मग सवयीची कुरकुर आणि खरी अडचण यांत फरक कसा करायचा? माझ्या मते पहिली कसोटी नवशिक्याची. ज्याला जुनी सवयच नाही तोही अडखळला, तर दोष रचनेचा समजावा.

हा प्रयोग तुम्हाला करता येईल. पाच जणांना एकेक करून संगणकासमोर किंवा मोबाइलसमोर बसवा. एकच काम द्या, उदाहरणार्थ अक्षरे मोठी करणे. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. तुम्ही मात्र गप्प राहा. हे सर्वांत अवघड! पहिल्यांदा चुकीचे काय दाबले आणि किती सेकंद गेले, ते टिपून ठेवा. “सोपे वाटले का?” असे विचारू नका. तुम्हाला बरे वाटावे म्हणून लोक ‘हो’ म्हणतात.

पाचच जण का? याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांना १९९३ च्या सुमारास असे आढळले, की एक माणूस सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करतो. म्हणजे एखादी अडचण एका माणसाकडून सुटून जाण्याची शक्यता ०.६९. पाचही जणांकडून सुटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. याचा अर्थ ८४ टक्के अडचणी पाच जणांतच सापडतात. परंतु अडचण विरळ असेल, शंभरांतून पाच जणांनाच येणारी, तर ०.९५ चा पाचवा घात ०.७७ येतो. ती पाच जणांत सापडण्याची शक्यता केवळ २३ टक्के.

अशी विरळ अडचण सापडण्याची शक्यता ८५ टक्के व्हावी, तर निदान किती माणसे बसवावी लागतील? लॉगॅरिथमचा तक्ता घेऊन पाहा. उत्तर ३७ यायला हवे.