युद्धाने अडवलेला फलंदाज : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

आमचे घर झाशीजवळ बिजौलीला आहे. झाशीत सैनिक-खेळाडू म्हटले की एकच नाव येते, मेजर ध्यानचंद. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, आणि मग महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत.

गेल्या सुट्टीत मी मनगटाला प्लास्टर घालून घरी गेलो. आंतर-हाउस क्रिकेटचा अंतिम सामना हुकला होता आणि मी कोणाशी धड बोलत नव्हतो. आजोबा म्हणाले, "अरे, तुझा एक सामना गेला. हेमू अधिकारींची दहा वर्षं गेली. वाच जरा त्यांच्याबद्दल." म्हणून हा अभ्यास केला.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. १९३६-३७ च्या मोसमात, वयाच्या सतराव्या वर्षी, ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. पण ऑगस्ट १९३६ नंतर भारताचा पुढचा कसोटी सामना झाला तो थेट जून १९४६ मध्ये. रणजी स्पर्धा चालू होती, म्हणून ते बडोद्याकडून खेळत राहिले. कसोटी पदार्पण झाले १९४७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. मला मात्र त्यांची दुसरी खेळी जास्त मोठी वाटते. ऑक्टोबर १९५२, दिल्ली, भारत-पाकिस्तान यांच्यातील पहिलाच कसोटी सामना. भारताचे नऊ गडी २६३ वर बाद झाले होते. शेवटचा फलंदाज गुलाम अहमद आला आणि दोघांनी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१. भारताने तो सामना एक डाव ७० धावांनी जिंकला. दहाव्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला.

लष्करात अधिकारी असल्याने ते नंतर सेनादलाच्या संघाकडून खेळले. फेब्रुवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका भारत आधीच हरला होता. त्या एका मालिकेत चार कर्णधार झाले, चौथे अधिकारी. एकोणचाळीसाव्या वर्षी त्यांनी ६३ आणि ४० धावा काढल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना. एकूण २१ कसोटी, ८७२ धावा.

पण काम संपले नव्हते. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा संघाचे व्यवस्थापक कर्नल अधिकारी होते. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या अभ्यासातून मी तीन गोष्टी शिकलो.

१. नुसती सरासरी पाहून खेळाडू कळत नाही. अधिकारींची सरासरी ३१ आहे, पण सतरा ते सव्वीस या वयातल्या कसोटी धावा तिच्यात नाहीत, कारण सामनेच नव्हते.

२. संधी नसतानाही सराव चालू ठेवावा लागतो. बडोद्यासाठी खेळण्याची ती वर्षे नसती, तर अठ्ठाविसाव्या वर्षी निवड झाली नसती.

३. अकराव्या क्रमांकाचा फलंदाजही जोडीदारच असतो. समोरच्यावर विश्वास ठेवला तरच १०९ धावा होतात. आमच्या हाउसमध्ये शेवटचा फलंदाज आला की आम्ही पॅड सोडायला लागतो. मीही सोडतो.

प्लास्टर आता निघाले आहे. निवड चाचणी पुढच्या सत्रात आहे. निवड होईल की नाही हे माझ्या हातात नाही, पण पहाटेच्या पीटीनंतरची वीस मिनिटे आहेत. तेवढ्यात डाव्या हाताने चेंडू झेलण्याचा सराव सुरू केला आहे.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी