रिसीव्ह परतलं, पण काम झालं का?

एका वितरण व्यवसायाच्या गोदामात साठ्याचे आकडे जुळेनासे झाले, तेव्हा मला बोलावणं आलं. विक्री, आवक, परतावा, सगळं एका जेएमएस टॉपिकवर येई. साठ्याची सेवा लूपमध्ये रिसीव्ह करून एकेक संदेश घेई आणि डेटाबेसमध्ये लिही. ब्रोकरच्या हिशेबी सगळे संदेश पोचले होते, डेटाबेसमध्ये मात्र काही गायब. लॉग चाळताना दिसलं, की डेटाबेसचं कनेक्शन तुटलं, एक्सेप्शन आलं, त्याची नोंद झाली आणि लूप सरळ पुढच्या संदेशाकडे वळला. आधीचा पुन्हा आलाच नाही.

तो येणारही नव्हता. सेशन ऑटो-ॲकनॉलेज प्रकारचं होतं. या प्रकारात रिसीव्ह यशस्वीपणे परतलं, की पोच गेली. तुमचं काम अजून सुरूही झालेलं नसतं, पण ब्रोकरच्या लेखी विषय संपलेला असतो. लिसनरमध्ये मात्र ऑनमेसेज नीट पूर्ण झाल्यावरच पोच जाते. हा फरक अनुभवी मंडळींच्याही नजरेतून सुटतो, आणि माझ्या मते रिसीव्हच्या सिंक्रोनस पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

म्हणून संदेश गमावून चालणार नसेल, तर ट्रान्झॅक्टेड सेशन घ्या. आधी डेटाबेसमध्ये लिहा, मग सेशन कमिट करा. बिघडलं तर रोलबॅक. या दोन पायऱ्यांच्या मधेच सेवा कोसळली तर तोच संदेश पुन्हा येईल, त्यामुळे व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन हवंच. क्लायंट-ॲकनॉलेज निवडलंत तर लक्षात ठेवा, एका संदेशाची पोच दिली की त्या सेशनमध्ये तोवर घेतलेल्या सगळ्यांची पोच जाते.

वेळमर्यादेचंही तसंच. रिसीव्हला शून्य दिलं म्हणजे ते लगेच परतेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात शून्य म्हणजे अमर्याद थांबणं. लगेच परतायला रिसीव्हनोवेट आहे. मी काही सेकंदांची मर्यादा देतो आणि नल आलं की सेवा बंद करायची सूचना आली आहे का ते तपासतो. कनेक्शन स्टार्ट करायचं राहिलं, तर कसलीही तक्रार न करता रिसीव्ह नुसतं वाट पाहत बसतं. आणि सबस्क्रिप्शन ड्युरेबल नसेल, तर सेवा बंद असतानाचे संदेश तिला कधीच मिळत नाहीत.

तुमची सेवा रिसीव्हवर चालत असेल तर आजच सेशनचा प्रकार बघा. मग चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस मुद्दाम बंद करा, एक संदेश पाठवा आणि डेटाबेस सुरू झाल्यावर तो परत येतो का, हे स्वतः तपासा.